वरच्या खोलीतली घरघर

कामिनी: काढा म्हणणारे तुम्हीच होतात ना, प्रेमराजभाऊ? ‘वहिनी, आकडे अडकले म्हणजे प्रोग्राम बिघडला. तो काढा आणि परत टाका.’ काल दुपारी काढला. आता परत येत नाही.

प्रेमराज: काढायला मी सांगितलं, कबूल. पण परत बोलावल्यावर तो पाठ फिरवेल, हे मला काय माहीत? नरडाण्याच्या कारखान्यातली ड्यूटी टाकून, बठ्ठं ऊन डोक्यावर घेऊन आलोय. आधी पाणी द्या, मग फाशी द्या.

कुंदाबाई: पानी माठात हाय. फाशीचं परवा पाहू. आखाजीच्या तोंडावर आमच्यात कोनाले लटकवत नाहीत.

प्रेमराज: अक्का! तुम्ही इथं, केळीच्या चेंबरच्या ऑफिसात? मला वाटलं घरी अक्षय्य तृतीयेच्या सांजोऱ्या तळत असाल.

कुंदाबाई: तळून झाल्या. तू येनार म्हनून एक घाना जास्तीचा टाकला. माह्या हितेंद्रच्या लग्नात तू किती खाल्ल्या व्हत्या, ते मी कुठी बोलत नाही.

प्रेमराज: आत्ता बोललातच की.

कुंदाबाई: घरातल्या मानसात बोलली. बाहेर नाही.

कामिनी: आई, त्यांना काम करू द्या. भाऊ, ऐका. प्रोग्राम नाही म्हणून चेंबरचं कूलिंग मी हातानं चालवतेय. आत जाऊन थर्मामीटर बघायचा, बाहेर येऊन बटण दाबायचं. रात्री आपल्या पुना गड्यानं केलं, पहाटेपासून मी. आत्ता परत त्याला उभं केलंय. आत निम्म्या गावाची केळी आहे आणि बाहेर ही आग. जरा लक्ष चुकलं, आतली हवा तापली, तर केळी पिकणार नाही, शिजेल.

प्रेमराज: गाडी कधी लागणार?

कामिनी: उद्या सकाळी. गाडी चुकली तर चुकू दे. पण माल काळा निघाला, तर पुढच्या वेळी ह्या दारात कोणी उभं राहणार नाही. आत्ताच लोक म्हणतात, हितेंद्र होता तोवर ठीक होतं, आता बाईच्या भरवशावर माल कोण ठेवेल?

कुंदाबाई: कोन म्हनते? नाव सांग.

कामिनी: नाव सांगितलं तर उद्या त्यांच्या घरी तुम्ही सांजोऱ्या पाठवणार नाही.

कुंदाबाई: पाठवीन. तूप घालनार नाही.

प्रेमराज: सरका जरा. हं. आता मी ह्याला म्हणालो, अपडेट. म्हणजे बाबा, तू जिथून सामान आणतोस त्या कोठारांकडे जा, काय काय आहे ते विचारून ये. पहिलं कोठार बाहेरचं, इंटरनेटवरचं. ते मिळालं. दुसरं… थांबा. अडकलं.

कामिनी: तिथंच अडकतं. कालपासून.

प्रेमराज: ‘कनेक्टिंग टू हितेंद्र.’

कुंदाबाई: काय म्हने?

प्रेमराज: काही नाही अक्का, मशीनचं नाव आहे. त्यानं स्वतःच्या मशीनला स्वतःचंच नाव दिलं होतं. कॉलेजात जेवणाच्या डब्यावर पण खिळ्यानं कोरायचा, कोणी पळवू नये म्हणून. तरी आम्ही पळवायचो. हां, आलं उत्तर. ‘नो रूट टू होस्ट.’

कुंदाबाई: म्हंजे?

प्रेमराज: म्हणजे हितेंद्रच्या घराकडे जायला वाट नाही.

कामिनी: हे वाक्य मी काल संध्याकाळपासून बघतेय. किती वेळा बघू?

प्रेमराज: वायर ढिली असेल. नाही, वायर घट्ट शे. थांबा, वायर बाजूला ठेवू, माझ्या फोनचं इंटरनेट देऊन बघू. आता जा बाबा. पहिलं मिळालं. दुसरं… हे वेगळंच म्हणालं. ‘कुड नॉट रिझॉल्व्ह हितेंद्र.’

कामिनी: हे काय?

प्रेमराज: बाहेरच्या जगात जाऊन विचारलं, हितेंद्र कुठं राहतो? जग म्हणालं, ह्या नावाचं इथं कोणी नाही.

कामिनी: बंद करा ते. परत वायर लावा.

प्रेमराज: लावतो. मशीनची भाषा आहे वहिनी, मनावर घेऊ नका.

कामिनी: दुसरीकडून नाही का आणता येणार? जगात एवढी कोठारं आहेत म्हणता.

प्रेमराज: लिनक्सचं बाकी सगळं कुठूनही आणतो. पण केळीचा प्रोग्राम हितेंद्रनं स्वतः लिहिला, वर्षभर चेंबरमध्ये बसून. किती गरम झालं की काय करायचं, रात्री किती, आखाजीच्या उन्हात किती. तो दुसऱ्या कोणाकडे नाही, फक्त त्याच्या मशीनवर आहे. म्हणून ह्याच्या पत्त्यांत दुसरी ओळ त्याच्या नावाची. रोज सकाळी हे तिकडे जाऊन विचारतं, काही नवीन आहे का?

कामिनी: त्यांना जाऊन वर्ष होत आलं.

प्रेमराज: मशीनला कोण कळवणार?

कामिनी: आई, पुना मघाशी विचारत होता, बाजारात कधी जाऊ म्हणून. घागरी किती सांगू? दोन ना?

कुंदाबाई: एक.

कामिनी: आई…

कुंदाबाई: एक म्हनलं ना. दरसालची, तुह्या सासऱ्याची. वरीस पुरं झाल्याबिगर दुसरी भरत नाहीत.

कामिनी: गेलेल्या माणसाची पहिल्या आखाजीलाच भरतात. सगळे हेच सांगतात. आमच्याकडे माहेरी तर…

कुंदाबाई: तुह्या माहेरी पंगतीत वरनभाताले चमचे देतात. त्यांचं मले सांगू नको. अन् पुना आंधी बटन सांभाळू दे. बजार कुठी पळून नाही चालला.

प्रेमराज: वहिनी, एक विचारू? हे नीट कधीपर्यंत चालत होतं?

कामिनी: मी लक्ष कुठं देते? चालत होतं, एवढं माहीत. का?

प्रेमराज: इथं दाखवतंय, काल सकाळी हे हितेंद्रकडे गेलं आणि त्याला उत्तर मिळालं. परवा पण. त्याच्या आधी पण. बठ्ठं वर्ष, रोज.

कामिनी: शक्य नाही.

प्रेमराज: का?

कामिनी: कारण ते मशीन ह्या घरातच नाही. तेराव्याला दान दिलं, शय्यादानात. गादी, छत्री, चपला आणि कॉम्प्युटर. भाच्याला द्यायचं असतं म्हणून मयुरीताईंच्या तेजसला दिलं. खोकं गाडीत चढताना मी पाहिलंय. त्यांचं मशीन सुरतला आहे, भाऊ.

प्रेमराज: सुरतचं मशीन ह्या वायरवर कसं येईल? हा पत्ता इथलाच शे. ही वायर जाते कुठं?

कामिनी: मागं, घरात. वरच्या खोलीत इंटरनेटचा डबा आहे. पण त्या खोलीला तेव्हापासून कुलूप आहे. आत काही नाही.

प्रेमराज: किल्ली कोणाकडे? अक्का…

कुंदाबाई: ताक आनते. पोऱ्या उनातून आला, निसतं पानी पेला.

प्रेमराज: ताकाचं नंतर बघू, अक्का.

कुंदाबाई: जिरं टाकून आनते. तोवर तुमी बसा त्याले नाव घेऊ घेऊ बोलवत.

प्रेमराज: गेल्या. वहिनी, घागरीचं मला कळतं. आमच्याकडे पण तेच. घागर भरली, वर खरबूज ठेवलं, की माणूस पितरांत जमा. अक्का त्याला अजून तिकडे धाडायला तयार नाहीत.

कामिनी: आई घरात त्यांचं नावच काढत नाहीत. आज तुम्ही आलात म्हणून. भाऊ, खरंच रोज उत्तर मिळत होतं? मशीन चुकीचं सांगत नसेल?

प्रेमराज: मशीनला खोटं बोलून काय मिळायचंय? त्याला निवडणुकीला थोडंच उभं राहायचंय.

कामिनी: मग एक सांगते. अजून कोणाला बोलले नाहीये. रात्री वरून आवाज येतो.

प्रेमराज: कसला?

कामिनी: घरघर. ते काम करत बसायचे तेव्हा यायची, तशीच. बारीक, एकसारखी. मी खाली पडून ऐकते. लाईट गेली तरी थांबत नाही. आधी वाटलं, शेजारच्यांचा कूलर. मग थंडी आली, कूलर बंद झाले, तरी येतच होती. मग वाटलं, माझ्या कानातच आहे. जळगावला डॉक्टरकडे गेले. चक्कर येते म्हणून सांगितलं. खरं कसं सांगणार? त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या.

प्रेमराज: अक्कांना विचारायचं होतं.

कामिनी: काय विचारू? आई, तुमचा मुलगा रात्री वर काम करत बसतो का? मग सवय झाली. म्हटलं, असू दे, आहे तर आहे. काल रात्री तो आवाज आला नाही, भाऊ. आणि काल रात्री मी पहिल्यांदा घाबरले.

प्रेमराज: माझ्या हातावर बघा, काटा आला. आणि मी गावच्या मारुतीला सुद्धा लांबून हात करणारा माणूस. थांबा, परत विचारतो त्याला.

कामिनी: कोणाला?

प्रेमराज: मशीनला हो! पहिलं मिळालं. ‘कनेक्टिंग टू हितेंद्र…’

कामिनी: काय झालं? खुर्ची का मागं घेतलीत?

प्रेमराज: बदललं.

कामिनी: काय बदललं?

प्रेमराज: ‘कनेक्शन रिफ्यूज्ड.’

कामिनी: म्हणजे जोडलं नाहीच ना? एकच की.

प्रेमराज: एकच नाही, वहिनी. मघाशी घराकडे वाटच नव्हती. आता वाट आहे. मी दारापर्यंत गेलो, कडी वाजवली आणि आतून कोणीतरी म्हणालं, नाही. बंद पडलेलं मशीन नाही म्हणत नाही. ते काहीच म्हणत नाही. नाही म्हणायला आत कोणीतरी जागं लागतं.

कामिनी: परत करा.

प्रेमराज: केलं. नाही.

कामिनी: अजून एकदा.

प्रेमराज: नाही. लगेच म्हणतंय. जसं दाराशीच बसलंय.

कुंदाबाई: घ्या. गार हाय, माठातलं. आलं का रे तुह्यं सामान?

प्रेमराज: अक्का, पदराला काय लागलं?

कुंदाबाई: काय लागन? पीठ.

प्रेमराज: करडं पीठ? हे कोळ्याचं जाळं आहे. केसात पण.

कुंदाबाई: घर हाय, महाल नाही. जाळं असते. सामान आलं का, ते सांग.

प्रेमराज: आलं नाही. पण आत्ताच यायला पाहिजे होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

कुंदाबाई: तुले पोलिसात घेतलं असतं, त बरं झालं असतं. निदान दुसऱ्यांच्या घरचं इचारत फिरला असता.

कामिनी: आई, ताकाला एवढा वेळ लागत नाही. कुठं गेला होतात?

कुंदाबाई: वायर लावाले.

कामिनी: कशाला?

कुंदाबाई: केळी वाचाले पाह्यजे ना? वरच्या डब्याची वायर खाली ओढली, त्या मापाचं एकच भोक व्हतं, त्यात खोचली. मले वाटलं तेवढ्यानं होईन.

कामिनी: कशाची वायर, आई? कशाला लावली?

कुंदाबाई: त्याच्या मशीनले.

कामिनी: ते सुरतला आहे.

कुंदाबाई: सुरतले गेलं ते चेंबरचं जुनं. वीज पडून जळालं व्हतं ते. खोकं नव्याचं, आत जुनं. पडदा तेवढा खरा दिला, तो बाहेरून दिसते म्हनून. तेजसनं फोन केला, आजी, चालू होत नाही. मी म्हनलं, दानाच्या वस्तूत खोट काढू नये बाप्पा, पाप लागते.

प्रेमराज: आणि त्यानं वर्षभर काढली नाही?

कुंदाबाई: चांगल्या वळनाचं पोरगं हाय.

कामिनी: हसू नका! कोणी हसू नका. म्हणजे रात्री वर ते…

कुंदाबाई: चालू व्हतं.

कामिनी: वर्षभर? मी वेडी होतेय असं समजत होते. गोळ्या खात होते मी. तुम्ही पाहिल्यात गोळ्या, फडताळातच असायच्या.

कुंदाबाई: मले वाटलं डोकं दुखते तुह्यं. तू कधी बोलली?

कामिनी: तुम्ही कधी विचारलं?

कुंदाबाई: तू झोपली म्हनजे मी वर जाऊन बसे. कडी लावून, अंधारात. मले काय ठाऊक तू खाली पडून तेच ऐकू राह्यली म्हनून? एकीनं तोंड उघडलं असतं, त दोघी वर बसलो असतो.

प्रेमराज: अक्का, पण चालू का ठेवलं?

कुंदाबाई: तो म्हनला म्हनून. त्या दिशी गाडीची चावी फिरवत जिना उतरला. म्हने, आई, मशीन बंद करजो नको, काम चालू हाय. पहूरले जाऊन येतोच. एवढंच बोलला. दवाखान्यातून फोन आला, तवाबी ते चालू व्हतं. त्याले अंगनातून नेलं, तवाबी. येतोच म्हनला ना तो? मंग मी कशी बंद करू? तुमी शिकेलसवरेल हात, तुमी सांगा.

प्रेमराज: मग काल काय झालं?

कुंदाबाई: आज मयुरी येनार माहेरी, आखाजीले. ही म्हने, वरची खोली उघडा, ताई कुठी झोपतीन? खोली उघडली असती, त मयुरीनं पाह्यलं असतं, पोराले डबडं देल्लं म्हनून. काल सकाळच्याले पुनाले घेतलं अन् दोघांनी खाली आनलं. गव्हाच्या कोठीमांगं ठेवलं.

प्रेमराज: म्हणूनच काल आकडे अडकले. बंद करून?

कुंदाबाई: नाही ना! ते बॅटरीचं जड खोकं पुनाच्या खांद्यावर, मशीन माह्या हातात, मधी वायर. खोकं सारखं टीं टीं वरडे. पुना म्हने, अक्का, हे फुटते का काय? मी म्हनलं, फुटलं त दोघंबी जाऊ, तू पायरी पाहून उतर.

प्रेमराज: वहिनी, आता तरी हसू का?

कामिनी: तुम्ही हसा. मला अजून जमत नाही. पुनाला सांगून येते, बटणावरून हलू नको म्हणून. चला.

(घरातली धान्याची खोली. गव्हाच्या कोठीमागून पंख्याची बारीक घरघर येते आहे. प्रेमराजनं चेंबरच्या ऑफिसातले जादा मॉनिटर आणि कीबोर्ड उचलून आणले आहेत.)

प्रेमराज: अक्का, ह्याला गोधडी पांघरलीत? ह्या दिवसांत? हात लावून बघा, चटका बसतो.

कुंदाबाई: थंडीसाठी नाही, मयुरीच्या डोळ्यासाठी.

कामिनी: हाच. हाच आवाज आहे.

प्रेमराज: ह्याच्या जोडीला एक लहान डबा असणार. काळा, निळा दिवा लुकलुकणारा. बठ्ठं सामान त्या डब्यात असतं. तो सुटलाय, म्हणून मशीन जागं आहे पण दुकान बंद. कुठाय तो?

कुंदाबाई: देव्हाऱ्यात.

प्रेमराज: कुठं?

कुंदाबाई: देवाजवळ ठेवला. बाकी सारं लोखंड. तो डबाच तेवढा रातभर लुकलुके. मले वाटलं जीव त्याच्यात हाय. त्याले कोठीमांगं अंधारात कशी ठेवू? पन तठी त्याचा दिवा लागला नाही. मी रातभर पाह्यलं. मी हलवला म्हनून रुसला, असं वाटलं मले.

प्रेमराज: वायरीतून सुटल्यावर कसा लागेल, अक्का?

कामिनी: मी आणते… हा घ्या. कुंकू लागलंय ह्याला.

प्रेमराज: असू द्या. कुंकवानं डिस्क बिघडल्याचं मी अजून ऐकलं नाही. ही वायर इथं. लागला दिवा, अक्का.

कुंदाबाई: पाह्यला.

प्रेमराज: आता मॉनिटर. आलं. अरे.

कामिनी: काय?

प्रेमराज: त्याचं खातं उघडंच आहे. जसं सोडून उठला तसं. पासवर्ड नको, काही नको. ही त्याच्या हातची शेवटची ओळ.

कुंदाबाई: काम चालू हाय ना?

प्रेमराज: अक्का…

कुंदाबाई: चालू हाय ना रे?

प्रेमराज: सुरूच झालं नव्हतं. त्यानं ह्याला सांगितलं होतं, नवं सामान टाक. ह्यानं हिशोब केला, काय येणार, काय जाणार. आणि हात लावायच्या आधी मालकाला विचारलं. हे बघा, खाली लिहिलंय. ‘पुढं चालू ठेवायचं का? हो की नाही?’ तो तेवढ्यात पहूरला जायला उठला असणार.

कुंदाबाई: तवापासून?

प्रेमराज: तेव्हापासून विचारतंय.

कुंदाबाई: अन् मी समोर बसेल व्हती. रोज. पडदा नव्हता त्याले, पडदा मीच सुरतेले धाडला. मले वाटे, काम करू राह्यलं बिचारं. ते माह्या तोंडाकडे पाहून इचारत व्हतं, अन् मले निसती घरघर ऐकू ये.

कामिनी: आई, बसा ह्या पोत्यावर. बसा.

कुंदाबाई: बसत नाही. आता काय सांगाचं त्याले?

प्रेमराज: हो म्हटलं तर वर्षापूर्वीचं काम आत्ता सुरू करेल. ते सामान शिळं झालं. अर्ध्यात अडकेल, आणि केळीचा प्रोग्रामही सोबत बुडवेल. नाही म्हणावं लागेल. नाही म्हटलं की मोकळं होईल, मग मी त्याचं दुकान उघडतो. वहिनी, तुम्ही दाबता?

कामिनी: माझ्याच्यानं नाही होणार.

प्रेमराज: मग मीच…

कुंदाबाई: थांब. कोनतं बटन?

प्रेमराज: हे. मग त्याच्यामागून हे आडवं मोठं.

कुंदाबाई: केळी किती येळ दम काढन, कामिनी?

कामिनी: पुना बघतोय. पण आता उन्हाचा कहर आहे, आई. फार वेळ नाही.

कुंदाबाई: जोरानं दाबाचं?

प्रेमराज: हळूच. झोपलेल्याच्या दारावर टिचकी मारतो तसं.

कुंदाबाई: नाही, बाप्पा. आता नाही.

कामिनी: दाबलं?

प्रेमराज: दाबलं. विचारायचं थांबलं.

कुंदाबाई: आवाज त तसाच हाय.

प्रेमराज: आवाज पंख्याचा, अक्का. तो राहणारच. आणि हे दुकान उघडलं. वहिनी, पळा आता चेंबरवर. मघाचीच कमांड द्या. मी फोन लावतो, चालू ठेवा.

कुंदाबाई: फोन मोठ्यानं कर. मलेबी ऐकू दे.

कामिनी: हॅलो. पोचले. देतेय कमांड. पहिलं मिळालं. ‘कनेक्टिंग टू हितेंद्र…’

प्रेमराज: मग?

कामिनी: थांबलंय.

कुंदाबाई: बोल रे, माह्या राजा.

कामिनी: मिळालं! उतरतंय. भरभर उतरतंय, भाऊ. झालं. पुना, बटण सोड, हात काढ! कूलिंग आपोआप लागलं. आकडे हलायला लागले. उतरतोय पारा. आई, ऐकताय ना?

कुंदाबाई: ऐकू राह्यली.

प्रेमराज: वहिनी, आता त्याचं बठ्ठं सामान मी तुमच्या तिकडच्या मशीनवरच उतरवून घेतो. मग त्या ओळीतलं नाव काढता येईल, आणि हे मशीन चालू ठेवायची गरज राहणार नाही. ठेवायचं की नाही, ते तुम्ही दोघी ठरवा. त्यात मी पडत नाही.

कुंदाबाई: कामिनी, तुले झोप लागत नाही ना त्यानं?

कामिनी: बंद झाल्यावर लागेल का, ते तरी मला कुठं माहीत आहे?

कुंदाबाई: मंग आजची रात राहू दे. मयुरी आली म्हनजे तिलेबी ऐकवू. उद्या सनाचं झालं की पाहू.

प्रेमराज: आणि तेजसला डबडं दिल्याचं?

कुंदाबाई: तेबी सांगू. सांजोरी तिच्या तोंडात असताना सांगाचं, म्हंजे वरडता येत नाही. कामिनी, पुना काय करू राह्यला?

कामिनी: बटणाजवळच उभा आहे. सोड म्हटलं तरी हलत नाही.

कुंदाबाई: त्याले म्हना, बजारात जाय. ऊन उतरलं की कुंभार पाल आवरते.

कामिनी: सांगते. एकच ना, आई?

कुंदाबाई: दोन आन म्हना. अन् एक जराशी मोठी पाह्यजो म्हना. उनाचं त्याले पानी लय लागे.